गॅसगाडीच्या नळीला टांगलेल्या बाटल्या

मे महिन्यात आंब्याच्या रसाच्या कारखान्यात किती उकडतं, ते आत उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. बाहेर अख्खी रत्नागिरी घामानं भिजलेली, आणि आत रस शिजवायच्या टाक्या धगधगतायत. वरून पत्रा भाजतोय, खालून वाफ उकडतेय. अशा त्या भट्टीत, साऱ्या मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, सुखी माणूस एकच होतं आणि ते म्हणजे करुणा. कारण करुणा फोर्कलिफ्टवर बसत होती.

फोर्कलिफ्ट पण साधीसुधी नव्हे हो, गॅसवर चालणारी! त्याआधी कारखान्यात डिझेलची होती. ती सुरू झाली की गोदामात असा धूर कोंडायचा की रसाचे ड्रम काळे आणि माणसं खोकून बेजार. परदेशच्या गिऱ्हाइकानं एकदा ड्रमावरची काजळी बघून नाक मुरडलं आणि माल परत धाडला. मग आली बॅटरीची. ती बिचारी गुणाची, ना धूर ना आवाज, पण तिला रात्रभर चार्जिंगला लावायचं, आणि रात्रभर लाइट टिकायला रत्नागिरी म्हणजे काय मंत्रालय आहे? सकाळी बघावं तर बाई आपली जागच्या जागी ढिम्म. शेवटी मालकांनी गॅसवाली आणली. पाठीवर आडवा सिलिंडर, संपला की दुसरा चढवायचा आणि पाच मिनिटांत पुन्हा कामाला. घरचा सिलिंडर बदलायचा तेवढाच व्याप.

करुणा कोल्हापूरला जाऊन ती चालवायचं शिक्षण घेऊन आली होती. तिथल्या मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं की शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत कुणीतरी गाडीला दोन सुळे लावले, महायुद्धात जहाजं भरायची घाई झाली तसा जगभर तिचा सुळसुळाट झाला, आणि बंद गोदामात धुरानं जीव घाबरायला लागला तेव्हा तिला गॅस पाजायची युक्ती निघाली. करुणाला हे फारच आवडलं. ज्या गॅसवर आपण भाकऱ्या भाजतो, त्याच गॅसवर टनभर माल उचलायचा! ती घरी येऊन दोन दिवस गॅसच्या शेगडीकडे बघून हसत होती.

पण ती सीट अजून तिची नव्हती, हे मात्र नीट ध्यानात ठेवा. जुना ऑपरेटर बाबल्या मस्कतला गेला म्हणून तिला सीझनपुरती मिळालेली. त्याआधीची दोन वर्षं तिनं आंबे सोलायच्या टेबलावर काढली होती. आंब्याचा चीक उतून बोटांची सालं निघायची आणि वरून सुपरवायझर विनीत सर ओरडायचे, "हात चालवा, तोंडं नकोत!" आता त्याच विनीत सरांनी तिला बजावलं होतं, "शेवटचा कंटेनर धड गेला तर सीट कायमची तुझी. मध्ये काही गडबड झाली, तर मुकाट्यानं टेबलावर परत. आमचा मेव्हणा लायसन घेऊन तयारच आहे." मेव्हण्याचं नाव ते जेवणाच्या सुट्टीतही घ्यायचे, लोणच्यासारखं.

करुणाच्या घरी तर वेगळीच तऱ्हा. तिचा बाप सहदेव देवरूखजवळच्या वाडीत राहायचा. तरुणपणी तो मुंबईत मस्जिद बंदरच्या गोदामात हमाली करायचा, आणि एके दिवशी त्या गोदामात फोर्कलिफ्ट आली. महिन्याभरात सोळा जणांच्या टोळीला हिशेब देऊन घरी पाठवलं. सहदेव गावाला आला तो आलाच. तेव्हापासून फोर्कलिफ्टचा फोटो दिसला तरी तो पेपर उलटा ठेवायचा.

"दोन दातांचा रेडा तो! आमच्या टोळीची भाकरी खाल्लान. नि तू त्याच्यावर बसणार?"

"बसणार, बाबा," करुणा म्हणाली. त्यावर तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही, फक्त जय भीम तेवढं घालायचा, तोही भिंतीकडे बघून.

आता बाटल्यांचं कसं झालं ते ऐका. कारखान्यात पाणी प्यायचं ते नळाचं, आणि मे महिन्यात ते नळातूनच कोमट यायचं. एका सकाळी करुणानं आपली कोकम सरबताची बाटली कुणाच्या हाताला लागू नये म्हणून फोर्कलिफ्टच्या सीटमागच्या जाळीच्या दाराआड लपवली. तिथं एक लोखंडी डबी होती आणि डबीला जाणारी एक रबरी नळी. ती नळी बाटली टांगायला इतकी सोयीची, की खुंटीच म्हणा. करुणानं सुतळीनं बाटली डबीला टेकेल अशी नळीला बांधली आणि कामाला लागली. दुपारी बाटली तोंडाला लावते तर काय! सरबत गार! तिनं डोळे मिटले आणि अर्धी बाटली एका दमात संपवली.

आंबे सोलायच्या टेबलावरची मैना, जिच्या जिभेला हाड नाही म्हणून साऱ्या कारखान्यात प्रसिद्ध, ती ताबडतोब आली. "काय गो करुणे, कुणाचा फ्रीज फोडलास?"

"गॅस हाय ना मागं. गॅस म्हणजे थंडच," करुणानं ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी मैनाची बाटली शेजारी आली. तिसऱ्या दिवशी पॅकिंगच्या बायकांची ताकाची. मग बॉयलरवाल्याची पन्ह्याची. आणि गंमत बघा, बाटल्या जितक्या वाढाव्यात तितका गारवा वाढायचा! दोन होत्या तेव्हा नुसतं गार, सहा झाल्या तेव्हा दाताला झिणझिण्या, आणि दहा झाल्या तेव्हा डबीवर पांढरं शुभ्र हिम धरलं. एवढा पुण्यवान फ्रीज कुणी पाहिलाय का? मैना तर नखानं ते पांढरं खरवडून कपाळाला लावायची आणि "आई गं, मेले गं" म्हणून खाली बसायची. बायका हसून हसून लोटपोट व्हायच्या.

करुणानं नियम पाळला नाही असं मात्र म्हणू नका. हिम दिसलं त्याच दिवशी तिनं जाऊन सांगितलं, "सर, डबीवर बर्फासारखं धरतंय. कोल्हापूरच्या मास्तरांनी सांगितलेलं, असं दिसलं तर साहेबांना कळवा."

विनीत सर गंभीरपणे आले. दार उघडलं. डबीला बोट लावलं. मग पंजा लावला. मग गाल लावला.

"वा!" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची बाटली घेऊन आले. तिच्यावर मार्करनं लिहिलेलं होतं, विनीत, हात लावू नये.

फुकट ते पौष्टिक, दुसरं काय! फोर्कलिफ्ट मधूनच ठसकायची, पण मैना म्हणायची तिलाही उकडत असेल, आणि करुणानंही ते मानून घेतलं. सकाळी तेल बघावं, चाकं बघावीत, साखळ्या बघाव्यात, सिलिंडरचा वास घ्यावा, हे सगळं ती न चुकता करी. जाळीच्या दाराआड मात्र बघत नव्हती, कारण ते उघडायचं म्हणजे सगळ्यांच्या बाटल्या सोडायच्या, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडायचं, "माझी हलवू नको गो, आत्ता कुठं गार होतेय!"

असा शेवटच्या कंटेनरचा दिवस उजाडला. ट्रेलर कारखान्याच्या माल चढवायच्या धक्क्याला लागला होता. दुपारी चारच्या आत तो निघाला तरच बंदरात वेळेवर पोचणार, नाहीतर जहाज चुकणार. मालकीणबाई शमिका मॅडम स्वतः बघायला येणार होत्या. आणि सर्वांत नवल म्हणजे सहदेव आला होता. पहिल्या एसटीनं देवरूखहून निघून, पिशवीत फणसाच्या भाजलेल्या आठळ्या घेऊन. "रेडा तुला पाडतो की तू त्याला, ते बघायला आलोय," एवढंच म्हणाला. धक्क्याजवळच्या कँटीनच्या बाकड्यावर तो वॉचमन लवूच्या शेजारी बसला आणि त्यानं चहाची किटलीच पुढ्यात मागून घेतली, ती जरा निवली की कँटीनमधून पुन्हा उकळून आणायचा. सहदेवला मे महिन्यातही चहा उकळताच लागायचा, ओठ भाजल्याशिवाय त्याला चहा प्यायल्यासारखं वाटायचं नाही.

करुणाचं काळीज नुसतं उड्या मारत होतं. बाप बघतोय, मॅडम येतायत, आणि संध्याकाळी ही सीट आपली! ती फोर्कलिफ्ट अशी फिरवत होती की बघणाऱ्याला गरगरावं. लाकडी फळ्यांच्या पॅलेटवर चार ड्रम, खाली सुळे घातले, हलकेच उचललं, मागं, वळण, भोंगा, आणि कंटेनरच्या पोटात. पुन्हा रिकामी बाहेर. सहदेव बघत नाही असं दाखवत बघत होता. त्याच्या हातातली आठळी कितीतरी वेळ तोंडापर्यंत पोचलीच नव्हती.

दुपारी विनीत सर आले ते पाच लिटरचा कॅन घेऊन. "मॅडमसाठी सरबत. असं गार झालं पाहिजे की त्या विचारतच राहिल्या पाहिजेत." आणि त्यांनी जाळीचं दार उघडून, बाटल्यांच्या माळेच्या मधोमध, त्याच नळीला तो कॅन लटकवला. तासाभरानं त्यातला जग भरून, कॅन परत अडकवून, ते मॅडमना आणायला ऑफिसकडे गेले.

शेवटच्या दोन खेपा राहिल्या होत्या. करुणानं पॅलेट उचललं, कंटेनरच्या तोंडाशी आली, आणि गाडी ठसकली. एकदा. दोनदा. मग एक लांबलचक उचकी दिली आणि मेली.

चार ड्रम हवेत, सुळे कंटेनरच्या तोंडात, ना आत ना बाहेर. करुणानं चावी फिरवली. खर्र. पुन्हा फिरवली. खर्र.  ट्रेलरचा ड्रायव्हर घड्याळ दाखवायला लागला, बायका टेबलं सोडून धावत आल्या, आणि नेमके त्याच वेळी विनीत सर मॅडमना घेऊन धक्क्यावर हजर. मॅडमच्या हातात सरबताचा ग्लास. काय झालंय ते बघताच सरांनी खिशातून फोन काढला आणि जरा बाजूला जाऊन बोलले, "हां, मेव्हणे, कुठं आहात? चप्पल घाला."

तिकडं बाकड्यावर सहदेव उठून उभा राहिला. मांडीवर थाप मारून तो ओरडला, "बसला! बघ लवू, बसला रेडा! मी म्हटलं नव्हतं? चाळीस वर्षं मी ह्याची वाट बघत होतो!" आणि तो असा हसायला लागला की किटली हलून झाकण वाजायला लागलं.

मग त्याला करुणाचा चेहरा दिसला. ती स्टिअरिंग धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. लहानपणी शाळेच्या स्पर्धेत धावताना पडली होती, तेव्हाही ती अशीच बसली होती, न रडता, ओठ चावत. सहदेव हसायचा थांबला आणि त्यानं हलणारी किटली धरली.

करुणा खाली उडी मारून मागं गेली आणि तिनं जाळीचं दार उघडलं. बघते तर आत हिमालय! डबी दिसतच नव्हती, नुसता पांढरा गोळा. आणि नळी? कॅनच्या आणि बाटल्यांच्या वजनानं नळी मधोमध दुमडून चपटी झाली होती, गळा दाबल्यासारखी. करुणानं कपाळावर हात मारला. कोल्हापूरच्या मास्तरांचा अख्खा धडा तिला आत्ता, या क्षणी, धबाधबा आठवला. सिलिंडरात गॅस असतो पातळ, पाण्यासारखा. त्याची वाफ करायला ऊब लागते, म्हणून इंजिनाचं गरम पाणी त्या नळीतून डबीभोवती खेळवतात. पाणी अडलं की डबी गारठते, आणि पार गोठली की इंजिनाला गॅस मिळत नाही. म्हणजे गॅस थंड म्हणून बाटल्या गार होत नव्हत्या. बाटल्यांनी नळी दाबली म्हणून डबी गोठत होती! एक बाटली जास्त, ऊब तेवढी कमी. देवा, आपणच तिचा गळा दाबला आणि वर तिचं सरबत प्यायलो!

"सोडा, सोडा बाटल्या!" ती ओरडली, आणि सुतळ्या तोडायला लागली. बाटल्या धडाधड फरशीवर. नळी मोकळी झाली, पण तो बर्फ वितळायचा कधी? ट्रेलरवाला तर इंजिन सुरू करून बसला होता.

"थांब गो बायो, मी वितळवतो!" म्हणत लवू वॉचमन धावला. बघितलं तर हातात पेटता पुठ्ठा!

"लवूकाका!" करुणा अशी किंचाळली की साऱ्यांच्या अंगावर काटा आला. "गॅस हाय तो! विझवा! अख्खा कारखाना उडून भाट्याच्या समुद्रावर, पुळणीत पडेल!"

लवूनं पुठ्ठा टाकून त्यावर उडी मारली, मग त्यावर नाचला, आणि मैनानं पायाशी पडलेली ताकाची बाटली उघडून त्याच्या पायांवर ओतली. अशा वेळीही दोघीचौघी फिदीफिदी हसल्याच.

"गरम पाणी पाहिजे! गरम, पण जाळ नको!" करुणा म्हणाली. मैना बादली घेऊन बॉयलरकडे पळाली, पण बॉयलर कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

एवढ्यात मागून आवाज आला, "बाजूला हो, बायो."

सहदेव उभा होता. हातात ती उकळत्या चहाची किटली. ज्या माणसानं कधी पाहुण्यालाही आपल्या कपातला घोट दिला नव्हता, तो पुढं झाला, त्या दोन दातांच्या रेड्याकडे एकदा डोळे वटारून बघितलं, आणि किटली तिरकी केली. धार लागली. बर्फ करकरला, तडकला, धुरासारखी वाफ उठली आणि साऱ्या धक्क्यावर आल्याचा वास सुटला.

"साखर जास्त हाय," सहदेव पुटपुटला. "काम झालं की धुवून काढ. मुंग्या लागतील."

करुणा सीटवर चढली. चावी फिरवली. खर्र. पुन्हा फिरवली. खर्र, खर्र, आणि धडाड करून इंजिन लागलं! बायकांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या कारखान्यातली माणसं भिंतीवरून डोकावली. हवेतलं पॅलेट आत गेलं, त्यामागून शेवटचं गेलं, दारं बंद झाली, आणि चार वाजायच्या आत ट्रेलर गेटबाहेर पडला. बॉयलरवरून गरम पाण्याची बादली घेऊन धापा टाकत मैना परत आली, ती हे सगळं हुकल्याबद्दल सगळ्यांना शिव्या घालत.

आता मॅडम पुढं आल्या. "काय झालं होतं, विनीत?"

विनीत सरांनी घसा साफ केला. "हाताळणी, मॅडम. नवखा हात आहे. मी आमच्या मेव्हण्याला बोलावलंय, तो..."

करुणाच्या डोक्यात तिडीक गेली. गप्प बसावं तर ठपका आपल्यावर, बोलावं तरी चूक आपलीच. मग बोलूनच का मरू नये? तिनं फरशीवरून तो पाच लिटरचा कॅन उचलला आणि मॅडमच्या समोर धरला.

"चूक माझीच, मॅडम. पहिली बाटली मी टांगली. नळी दबली, डबी गोठली, त्यात सरबत गार व्हायला लागलं आणि आम्ही सगळे पीत बसलो. मला कळायला पाहिजे होतं. मधल्या बाटल्या ह्या सगळ्यांच्या. आणि शेवटचा, सगळ्यांत जड, तो हा. सरांचा."

 फरशीवर बाटल्यांचा सडा पडला होता, आणि त्यात मार्करनं नाव लिहिलेली एक बाटली नेमकी मॅडमच्या बुटाशी येऊन थांबली होती. मॅडमनी बाटलीकडे बघितलं. मग आपल्या हातातल्या ग्लासाकडे. ग्लासाला बाहेरून थेंब सुटले होते.

"म्हणजे हे," त्या हळूच म्हणाल्या, "मगाशी मी ऑफिसात विचारलं की विनीत, इतकं गार कुठून आणलंत, आणि तुम्ही म्हणालात बाजारातून खास बर्फ..."

आणि मॅडमना हसू फुटलं. असं फुटलं की ग्लास हिंदकळून सरबत साडीवर सांडलं, त्यांनी कँटीनच्या बाकड्याचा आधार घेतला, आणि मग कुणालाच आवरेना. ट्रेलर गेला होता, माल गेला होता, आता काय भीती! बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. फक्त विनीत सर हसत नव्हते, आणि थोड्या वेळानं, दुसरा इलाजच नसल्यासारखे, तेही हसले.

डोळे पुसून मॅडम म्हणाल्या, "उद्या मशीन दुरुस्तीला जाईल आणि पुढच्या सीझनला इथं दोन मोठे फ्रीज येतील. आणि सीटवर ही बसेल. विनीत, तुमच्या मेव्हण्याला सांगा, चप्पल काढा."

त्या संध्याकाळी बाप-लेक देवरूखच्या एसटीत बसले. सीझन संपला होता, करुणा घरी निघाली होती, कायमची नोकरी घेऊन. तिला राहून राहून हसू येत होतं, उगाचच, खिडकीबाहेरच्या म्हशीला बघूनसुद्धा.  हातखंब्याचा फाटा गेल्यावर सहदेवनं एकाएकी तिचा फोन मागून घेतला, खिशातल्या चिठोऱ्यावरचा नंबर तिच्याकडून लावून घेतला आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाला.

"जय भीम रे! मी सहदेव, बंदरावरच्या टोळीतला! ऐक नीट. तो रेडा आठवतो ना, ज्यानं आपल्या सोळा जणांना घरी बसवलान? त्याच्या सीटवर कोण बसलीय माहीत हाय? माझी बायो! माझी करुणा! कायमची! आज माझ्या डोळ्यांसमोर तिनं सबंध कंटेनर भरलान, एकटीनं! आता आपल्याला कोण उठवतो बघू!"

पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. कंडक्टर तिकिटाचं यंत्र हातात धरून तसाच उभा राहिला. करुणानं ओढणीनं डोळे टिपले, आणि वाकून फोनच्या पडद्याकडे बघितलं तर गाडी घाटाला लागल्यामुळे कॉल कधीच तुटलेला.

"बाबा, रेंज गेली. फोन कट झालाय."

"असू दे," सहदेव म्हणाला. "जोरात बोललं तर ऐकू जाईल त्याला." आणि फोन कानाला तसाच धरून तो देवरूख येईपर्यंत बोलत राहिला.